पिल्लांच्या दाराशी अनुसयाबाई

अनुसयाबाई भिंगारदिवे मला आवडायच्या की मला त्यांचा राग यायचा, हे पासष्टी उलटली तरी मला धड सांगता येत नाही. बायको म्हणते, तुम्हाला कुणाबद्दलच धड काही सांगता येत नाही. असेल. पण बाकीच्यांबद्दल निदान अंदाज तरी बांधता येतो. या बाईंबद्दल मी आज जो अंदाज बांधावा तो उद्या दुपारपर्यंत टिकत नसे. एवढी वर्षं झाली, अजून माझं डोकं तिथेच अडकलेलं आहे.

नगरहून राहुरीकडे निघालं की विळद घाटाच्या पुढे तेव्हा एक हॅचरी होती. मशिनमध्ये अंडी उबवायची आणि एका दिवसाची पिल्लं खोक्यात भरून विकायची, हा धंदा. नव्वद सालानंतर आमच्या जिल्ह्यात जो तो पोल्ट्रीची शेड टाकायच्या मागे लागला होता, त्यामुळे पिल्लांना मरणाची मागणी. मालकांना सगळे अण्णा म्हणायचे. मी तिथे मशिन आणि जनरेटर बघायला होतो. शिक्षण आयटीआय, वय बत्तीस, आधीच्या कारखान्यात फोरमनशी भांडून बाहेर पडलेला, सावेडीत दोन खोल्यांत बायको आणि पाच वर्षांची मुलगी. मला तिथे 'इंजिनेर' म्हणायचे. मी इंजिनियर नाही हे पहिले दोन महिने सांगून बघितलं, मग नाद सोडला.

कोंबडीचं अंडं एकवीस दिवसांचं असतं. पहिले अठरा दिवस ते एका मोठ्या मशिनमध्ये काढतं. तिथे ट्रे ठरावीक वेळाने आपोआप कलतात, कारण खुडूक कोंबडीसुद्धा पोटाखालची अंडी चोचीने फिरवत असते. अठराव्या दिवशी अंडी दुसऱ्या मशिनमध्ये आडवी मांडायची. तिथे हलवाहलव बंद, हवा दमट, आणि तीन दिवस गप बसायचं. मग पिल्लं. पहिल्या मशिनच्या खोलीला आम्ही अंड्यांची खोली म्हणायचो, दुसऱ्याच्या खोलीला पिल्लांची. पिल्लांच्या खोलीत अनुसयाबाई असायच्या.

बाई बुटक्या, पन्नाशीच्या, नऊवारी लुगडं, कपाळावर हिरवं गोंदण. मी यायच्या अकरा वर्षं आधी हॅचरी सुरू झाली तेव्हा झाडायला म्हणून आल्या होत्या. झाडता झाडता ट्रे उचलायला लागल्या, उचलता उचलता मांडायला लागल्या, आणि मी रुजू झालो तेव्हा त्या खोलीत त्यांना विचारल्याशिवाय कुणी पाऊल टाकत नव्हतं. कागदावर मात्र त्या रोजच्या हजेरीवरची झाडणारी बाईच होत्या. खोलीची किल्ली अण्णांच्या कमरेला असायची.

खोलीबाहेर त्यांचं तोंड बंद म्हणून नसे. एसटीच्या कंडक्टरशी भांडण, भाजीवालीशी भांडण, सुनेचं कौतुक, लगेच त्याच सुनेची तक्रार. पण चप्पल काढून आत गेल्या की एकदम मुक्या. आत कुणी बोललेलं त्यांना चालत नसे. काही सांगायचं तर हाताने खुणा करायच्या. मला वाटायचं नाटक आहे. पहिल्याच आठवड्यात मी आत मोठ्याने थर्मामीटरचा आकडा वाचला तर त्यांनी माझ्या दंडाला धरून मला बाहेर आणलं.

"वरडू नका. ती ऐकत्यात."

"कोण?"

"कोन म्हंजी? आतली."

मी अण्णांकडे तक्रार केली. अण्णा म्हणाले, "ती म्हनती तसं कर, बाबा. तिच्या हाताखाली माल चांगला निघतो."

कोंबडीच्या अंड्याबद्दल मला तोवर ते पोळीबरोबर कसं लागतं एवढंच माहीत होतं. जे शिकलो ते या बाईंकडून, आणि तेही तुकड्यातुकड्यांत, अर्धवट, उलटसुलट. विसाव्या दिवसाच्या आसपास पिल्लू अंड्याच्या रुंद टोकाला जी हवेची जागा असते तिथे चोच घालतं आणि पहिला श्वास घेतं. श्वास आला की आवाज आला. म्हणजे कवच फुटायच्या आधीच ते आतून बोलायला लागतं. सुरुवातीला बारीक टिकटिक, मग चिवचिव. त्यानंतर कवचाला चोच मारून एक छोटं भोक पाडतं. आणि मग, बघणाऱ्याला वेड लागेल असं, काहीच करत नाही. दहा-दहा, बारा-बारा तास नुसतं पडून राहतं. मग एकदम उठल्यासारखं आत गोल फिरत फिरत कवच चहूबाजूंनी कापतं आणि टोपी उडवून बाहेर येतं.

हे सगळं दार न उघडता कळायचं कसं? चोच मारायला लागली की मशिनचं दार उघडायचं नाही, हा तिथला पहिला नियम. आतली दमट हवा गेली की अंड्याचं आतलं पापुद्र्यासारखं कातडं सुकतं आणि पिल्लाच्या अंगाला घट्ट चिकटतं. मग ते आत जागच्या जागी फिरूच शकत नाही. म्हणून बाई दाराला कान लावायच्या. डोळे मिटून, एक हात दारावर पसरून, पाच-पाच मिनिटं. मग बाहेर येऊन सांगायच्या, "वरच्या टरेतली निगाली. खालची अजून आळसात हाईत."

एका चौदा एप्रिलला नेमका आमचा माल निघायचा होता. वर्षातली ती एकच रजा बाई घेत. त्या दिवशी त्या सकाळी सातला आल्या, पांढरीशुभ्र साडी नेसून. आत गेल्या, कान लावला, बाहेर आल्या आणि अण्णांना म्हणाल्या, "तीनच्या आत हात लावू नगा." आणि गेल्या मिरवणुकीला. टेम्पोवाला अकरापासून दारात उभा राहून ओरडत होता. अण्णा दहा वेळा किल्लीला हात लावून मागे फिरले. पावणेतीनला बाई परत, केसांत निळा गुलाल, घसा बसलेला. तीनला दार उघडलं. ट्रेमध्ये नुसती पिवळी लोकर पसरली होती. मी त्या दिवशी मनातल्या मनात त्यांना हात जोडले आणि तोंडाने म्हणालो की योगायोग आहे.

त्यांचं एक मत असं की मागे राहिलेल्या अंड्यांना पुढच्यांचा आवाज ऐकवला की तीही घाई करतात. म्हणून अंडी मांडताना त्या काही अंडी या ट्रेतून त्या ट्रेत टाकायच्या. कुठल्या हिशेबाने, ते विचारू नका. मी एकदा परीक्षाच घ्यायची ठरवली. दहा अंड्यांवर पेन्सिलीने फुली मारली आणि ती दुसऱ्या, रिकाम्या मशिनमध्ये एकटी ठेवली. ती दहा अंडी बाकीच्यांपेक्षा अर्धा दिवस मागे राहिली. मी हादरलो. पुन्हा केलं, पुन्हा मागे. तिसऱ्यांदा पुन्हा. मी बाईंना जाऊन सांगितलं की तुमचं खरं आहे. चौथ्यांदा त्यांच्या देखत केलं तर ती दहाच्या दहा अंडी सगळ्यांच्या आधी फुटली. मी त्यांच्याकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "आता ह्यास्नी काय घाई हुती, देव जाने." आणि झाडू घेऊन निघून गेल्या. म्हणजे खरं काय? मी त्या पेन्सिलीच्या फुल्या करणं बंद केलं.

वळवाचं आभाळ गडगडायला लागलं की त्या एक लोखंडी खिळा आणि कोळशाचा तुकडा मशिनच्या डोक्यावर ठेवायच्या. गावाकडे खुडूक बसवलेल्या कोंबडीच्या पाटीत तो ठेवतात, विजेने अंडी नासू नयेत म्हणून. मी म्हणालो, "बाई, अख्खं मशिन लोखंडाचं आहे, खिळा कशाला?"

"मशिन तुमचं हाय. खिळा माजा हाय."

"आणि तुमच्यात तर हे असलं काही मानत नाहीत ना?"

"न्हाईच मानत. म्या कुटं मानती?" मग मशिनकडे हनुवटी करून म्हणाल्या, "पर अंड्यास्नी काय म्हाईत आपुन कोन ते?"

इतकी माया असणारी बाई अंडी खात नसेल असं मला उगाच वाटलं होतं. सातव्या दिवशी दिव्यावर धरून बघितल्यावर जी अंडी रिकामी निघत, त्यातली दोन उकडून, मीठ-मिरची लावून त्या उभ्या उभ्या भाकरीबरोबर खायच्या. माल काढल्यावर जी फुटली नाहीत ती पाटीत ओतून खड्ड्यात टाकायच्या, आणि त्यातलं एखादं चिवचिवलं तरी मागे वळून बघायच्या नाहीत. तेच तासाभरापूर्वी, "अजून एक तास द्या, अण्णा," म्हणून मालकाशी हुज्जत घातलेली असायची. एक तासापूर्वी ज्याच्यासाठी भांडलात ते तासानंतर कचरा कसं होतं, असं मी विचारलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काहीतरी वेड्यासारखं विचारलं असावं.

एका रविवारी मी मुलीला हॅचरी बघायला घेऊन गेलो. माल निघाला होता, एका ट्रेत मागे राहिलेलं एक अंडं होतं, भोक पडलेलं, आत चोच हलत होती. मुलगी रडायला लागली, "बाबा, त्याला बाहेर काढा ना." मी बाप माणूस. नखाने कवच सोललं. अर्ध्यावर आलो आणि रक्त यायला लागलं. थांबलंच नाही. मुलीसमोर ते माझ्या हातात मेलं. बाई दारात उभ्या होत्या, त्यांनी मुलीला उचलून बाहेर नेलं आणि गुळाचा खडा दिला. मला वाटलं, शिकलो, कधी मदत करायची नाही. चारच दिवसांनी बघतो तर बाई स्वतः दिव्याखाली बसून एक अंडं सोलतायत, कोमट पाण्यात बोट बुडवून, नखाएवढा तुकडा काढायचा, थांबायचं, पुन्हा तुकडा. ते पिल्लू जगलं.

मी चिडलो. "मी केलं ते चुकलं आणि तुम्ही केलं ते बरोबर?"

"ते येगळं हुतं."

"काय वेगळं? दोन्ही गप पडलेली होती."

"तुमचं इसावा घेत हुतं. ह्ये दमलं हुतं."

"पण ओळखायचं कसं?"

त्यांनी खूप वेळ विचार केला. खरंच केला, मला दिसत होतं. मग म्हणाल्या, "मला नीट सांगता याचं न्हाई, इंजिनेर. कळतं." त्यांनाही ते सांगता येत नाही याचं त्यांना वाईट वाटलेलं दिसलं.

या बाईंना आयुष्यात एकच गोष्ट हवी होती, आणि ती सगळ्या हॅचरीला माहीत होती. त्यांना पिल्लांची खोली हवी होती. म्हणजे कायमची नेमणूक आणि किल्ली त्यांच्या कमरेला. पगार वाढेल का, किती वाढेल, हे त्यांनी कधी विचारलेलंही मी ऐकलं नाही. मला एकदा म्हणाल्या, "किल्ली असली की कुनी बी येऊन दार उघडत न्हाई. अण्णा बी न्हाई. इचारावं लागंल मला." अण्णांनी शब्द दिला होता. उन्हाळ्यातली मोठी ऑर्डर नीट निघाली की अनुसयाबाई खोलीच्या मुकादम. शेवगावकडच्या एका निवृत्त गुरुजींनी फंडाचे पैसे घालून शेड बांधली होती, त्यांची ती ऑर्डर.

आता मला जे सांगायचं आहे ते सांगतो. हॅचरीबाहेर हे मी बायकोला सोडून आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

ऑर्डरच्या आदल्या दिवशी, म्हणजे विसाव्या दिवशी दुपारी, मशिनमधला पंख्याचा पट्टा कुई-कुई करायला लागला. बाहेर एप्रिलचं ऊन, घाटाकडून भट्टीसारखा वारा. पंखा बंद पडला तर आतली गरमी साचून सगळी पिल्लं उकडून मरणार. पट्टा बदलायचा तर दार उघडावं लागणार, आणि अंड्यांनी चोच मारायला सुरुवात केली होती. मी बाईंना बोलावलं. त्यांनी कान लावला.

"उद्यापतूर टिकतोय त्यो."

"कशावरून?"

"आवाजावरून."

"बाई, अंड्याचं तुम्ही सांगा. पट्ट्याचं मला कळतं."

बाईंनी बादली उचलली. दमटपणासाठी आत ठेवायचं पाणी आणायला टाकीकडे गेल्या. मी पाच मिनिटं तिथे उभा राहिलो. कुई-कुई वाढल्यासारखी वाटली. खरंच वाढली होती की मला तसं वाटलं, हे मी आजही शपथेवर सांगू शकत नाही. मी मशिन बंद केलं, दार उघडलं आणि पट्टा बदलला. दहा मिनिटांचं काम होतं. जुना पट्टा निघेना म्हणून अर्धा तास लागला. बाई बादली घेऊन आल्या तेव्हा मी दार लावत होतो. त्यांनी बादली खाली ठेवली आणि तिथेच जमिनीवर बसल्या.

दुसऱ्या दिवशी दार उघडलं तेव्हा निम्म्याहून जास्त अंडी तशीच होती. प्रत्येकाला भोक, भोकात सुकलेली चोच, कातडं अंगाला चिकटलेलं. गुरुजी टेम्पो घेऊन आलेले. त्यांनी ते बघितलं आणि त्यांचा तोल सुटला. नाही नाही ते बोलले. अण्णांचा चेहरा लाल. आम्हा दोघांसमोर उभं राहून विचारलं, "दार कुनी उघडलं?"

माझं तोंड उघडलं होतं. एवढं मला नक्की आठवतं. पण त्यातून काही बाहेर यायच्या आधी माझ्या बाजूने आवाज आला, "म्या उघडलं."

अण्णा त्यांच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "उद्यापासून टरे धुवायच्या. ह्या खोलीत पाय ठेवायचा न्हाई."

बाईंनी मान हलवली. चप्पल घातली आणि गेल्या. आणि मी गप्प राहिलो. पाच वर्षांची पोरगी, दोन खोल्यांचं भाडं, फोरमनशी झालेलं भांडण, सगळं त्या एका क्षणात आठवलं, आणि मग क्षण निघून गेला. लाज वाटते हे लिहिताना.

संध्याकाळी मी त्यांना एसटीच्या थांब्यावर गाठलं. "बाई, तुम्ही असं का सांगितलं? दार मी उघडलं होतं."

"कवा?" त्या म्हणाल्या. "म्याच उघडलं हुतं की. तुमी तर पट्टा बदलत हुता."

"अहो, पट्टा बदलायला दार उघडावंच लागतं ना!"

"लागत आसंल," त्या म्हणाल्या, आणि एसटी आली.

मी वेडा व्हायची वेळ. रात्रभर तेच. त्यांनी माझ्या आधी खरंच उघडलं होतं का? पाणी ठेवायला? मग दोष कुणाचा? की त्यांना माझी दया आली? की मला चिडवत होत्या? जो जुना पट्टा मी काढला होता, तो मी पाण्याच्या मोटारीला लावून बघितला. दोन महिने चालला. तेवढ्यापुरतं एक उत्तर मिळालं, आणि ते नसतं मिळालं तर बरं झालं असतं.

पिल्लांच्या खोलीत नवा माणूस आला. तो आत रेडिओ लावायचा. बाई ट्रे धुवायला लागल्या. ट्रे धुवायची जागा जनरेटरच्या शेडला लागून होती, कारण पाण्याचा नळ तिथेच. उन्हाळ्यात दिवसाचे सहा-सहा तास लाईट नसायची, आणि तो जनरेटर सुरू झाला की जमीन थरथरायची. मी आत जाताना कानात कापूस घालायचो. बाई तिथेच उकिडव्या बसून कवचं खरवडत असायच्या.

अशी तीन वर्षं गेली. त्या माझ्याशी बोलायच्या कमी झाल्या. मी "बाई, चहा घेताय का?" म्हणून विचारावं तर त्या मानही वर करत नसत. दुसऱ्यांदा हाक मारली तर दचकून बघायच्या आणि मोठ्या आवाजात काहीतरी तिसरंच बोलायच्या. कुणाशीही बोलल्या तरी भांडल्यासारख्या. मला वाटायचं, मनात धरलंय. धरणारच. मी हाक मारणं सोडून दिलं, आणि त्यांच्या पाठीमागून जायला लागलो. त्यांनी मला माफ केलेलं नाही, हे मी स्वतःच ठरवून टाकलं, आणि खरं सांगायचं तर मला त्यात थोडी सोय वाटायची. रागावलेल्या माणसाची माफी मागायला कोण जातं?

शेवटी माझी मुलगीच कारण झाली. तिसरीत होती. शाळेत काहीतरी फोडलं, दुसऱ्याच मुलीचं नाव सांगितलं आणि मी तिला रागावलो. रागावता रागावता मला अण्णांचं 'दार कुनी उघडलं?' आठवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तडक अण्णांच्या टेबलासमोर उभा राहिलो आणि म्हणालो, "गुरुजींच्या ऑर्डरच्या वेळी दार मी उघडलं होतं."

अण्णांनी चष्मा काढला. "मला म्हाईत हाय."

"काय?"

"पंख्याला नवा पट्टा दिसत न्हवता का मला? आन् तीच आल्ती सांगायला, त्याच दिशी. म्हनली, इंजिनेरला काडू नका, त्यो गेला तर मशिन कोन बघनार, पुडच्या खेपेची सगळीच मरतील. माजं काय, म्या कुटं बी बसून काम करीन."

"मग तुम्ही त्यांना त्या खोलीतून का काढलं?"

"गिऱ्हाईक समोर हुतं, बाबा. कुनाला तरी हलवायला लागतं." त्यांनी चष्मा पुसला. "म्हनलं, दोन महिन्यांनी परत घेऊ. मग ऱ्हाऊनच गेलं."

ऱ्हाऊनच गेलं. तीन वर्षं. मी त्या माणसावर ओरडलो असतो, पण ओरडायचा अधिकार मला कुठे होता? बाईंनी हे माझ्यासाठी केलं की पुढच्या खेपेच्या पिल्लांसाठी, हेही मला कळलं नाही. मला वाटतं पिल्लांसाठी. मला वाटतं, माझं नाव त्यांनी मशिनच्या सुट्या भागासारखं घेतलं असेल. पण मग एसटीच्या थांब्यावर खोटं का बोलल्या? मला ओझं नको म्हणून? डोकं फिरतं, फार खोल गेलं की.

अण्णा वाईट माणूस नव्हते. त्यांनी त्याच वेळी कमरेची किल्ली सोडली आणि माझ्या हातात दिली. "दे तिला. सांग, आजपासून खोली तिची."

मी धावत नळाकडे गेलो. सकाळची वेळ, लाईट होती, जनरेटर बंद होता. मी मागून दोनदा हाक मारली. त्या खरवडतच होत्या. मी पुढे जाऊन किल्ली त्यांच्यासमोर धरली. त्यांनी किल्लीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी बोलत होतो, अण्णांना सांगितलं, माफ करा, तीन वर्षं, काय काय बोलत होतो. त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मग हात लुगड्याला पुसले, किल्ली घेतली आणि खोलीकडे चालायला लागल्या.

त्या दिवशी अंड्यांचा विसावा दिवस होता. खोलीच्या बाहेर, व्हरांड्यातसुद्धा आवाज येत होता. हजारो पिल्लं एकाच वेळी आतून बोलायला लागली की पत्र्यावर पाऊस पडल्यासारखा आवाज होतो. बाईंनी चप्पल काढली. स्वतःच्या हाताने कुलूप उघडलं, आत गेल्या, रेडिओची वायर ओढून काढली. मग मशिनच्या दाराशी जाऊन एक हात पसरला, डोळे मिटले आणि कान लावला.

बराच वेळ त्या तशा उभ्या होत्या. मग दुसरा कान लावला. मला ते चमत्कारिक वाटलं, कारण त्या नेहमी उजवाच लावायच्या. आवाज एवढा होता की मला माझा श्वास ऐकू येत नव्हता. त्यांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे वळल्या. ज्या खोलीत त्या कधी कुणाला शब्द काढू देत नसत, तिथे त्या मोठ्याने म्हणाल्या, "इंजिनेर, अजून एकानं बी तोंड उघडलं न्हाई का?"

चहाच्या हाका, मागून मारलेल्या हाका, भांडल्यासारखा आवाज, नळ, जनरेटर. सगळं तिथे, त्या एका क्षणात मला कळलं. तीन वर्षं मी ज्याला राग समजत होतो तो राग नव्हताच.

खरं सांगायला हवं होतं. मी त्यांच्यासमोर गेलो, त्यांना माझे ओठ दिसतील असा, आणि सावकाश म्हणालो, "न्हाई, बाई. अजून न्हाई."

"मग थांबू की," त्या म्हणाल्या, आणि दारासमोर स्टूल ओढून बसल्या.